अकोल्यातली थंडी

मे महिन्यातल्या अकोल्यात प्रणिताला पाहायला आलेले पाव्हणे कूलरसमोरून हलायला तयार नव्हते. मुलाच्या मावशीनं पोह्यांबरोबर घराचं छत तोललं, प्रणिताचे दात तोलले, मग तिच्या वडिलांची, शेषरावांची, खडखडणारी कपबशी हेरली. "भाऊ, हात काहून कापून राहिले तुमचे?" प्रणिता अमरावतीला याच कंपवातावर संशोधन करत होती. मेंदूतलं प्रथिन चुकीचं दुमडतं, त्याच्या गुठळ्या साचतात, पण बहुतेकदा हे वारशानं येत नाही, एवढं ती झोपेतही समजावू शकली असती. स्थळ मात्र चांगलं होतं. "बाबांना थंडी वाजते," ती बोलून गेली. "मे महिन्यात?" मावशी गालात हसली. शेषरावांनी लेकीकडं पाहिलं. "हो ना बाप्पा, लय थंडी वाजून राहिली मले. पोरी, कूलर बंद कर, शाल आण." घामानं निथळणाऱ्या बापाला शाल पांघरवताना प्रणिताची मान वर होईना.