दोन मान्यवर

"आग लागली होती, याला साक्षीदार म्हणून दोन मान्यवरांच्या सह्या लागतात, मावशी," विमा कंपनीच्या खिडकीतला कारकून म्हणाला. "आणि आज शेवटचा दिवस."

"दूधवाल्याची आहे की."

"दूधवाला मान्यवर नाही."

"एक दिवस दूध येऊ नये, मग कळेल कोण मान्यवर ते," टेलरमावशी म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

दुकानाच्या आगीत तिची तिन्ही शिलाई मशिनं गेली होती. विमा बुडाला तर या वयात दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करायची पाळी. एवढ्यात तिला टेबलाखाली बादली दिसली. पाण्यात दोन पुष्पगुच्छ, अगदी जुळे.

"कोणासाठी रे?"

"भाऊसाहेब येतायत. राज्याची निवडणूक आलीय ना? कंपनी त्यांच्या पक्षाला देणगी देतेय."

"अन् दुसरा?"

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं. "तो चार वाजता. विरोधी पक्षाच्या अण्णांना."

मावशीने पिशवीतून जेवणाचा डबा काढला. आता हलायचं कारणच नव्हतं.

भाऊसाहेब आले. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी चेक दिला, गुच्छ दिला. फोटोवाला "हसा" म्हणाला, तोच मावशी फॉर्म घेऊन मधे. "एवढी सही करा, भाऊसाहेब. मत तुम्हालाच देणार." कॅमेरा समोर होता. भाऊसाहेबांनी फॉर्म न वाचताच ऐटीत सही ठोकली.

चार वाजता अण्णा आले. तेवढ्याच रकमेचा चेक, तेच हसू.

"मत तुम्हालाच देणार, अण्णा."

कारकून खिडकीखाली वाकून खोकू लागला.

अण्णांनी पेन काढलं, वरची सही पाहिली आणि थबकले. "याच्या खाली? अहो, याच्यासोबत मी चहासुद्धा घेत नाही."

"चहा नकाच घेऊ. सही तेवढी करा."

फोटोवाला कॅमेरा रोखून उभाच होता. अण्णांनी सही केली, भाऊसाहेबांपेक्षा दुप्पट मोठी. मोठ्या साहेबांनी दोन्ही सह्या पाहिल्या आणि मुकाट्याने 'मंजूर' लिहिलं.

मावशीने फॉर्म खिडकीत सरकवला. "बघ, दोघांना एका कागदावर आणलं. कधी पाहिलं होतंस?"

"दर निवडणुकीला पाहतो," कारकून शिक्का मारत हळूच म्हणाला. "देणगीच्या फायलीत असेच असतात, एकाखाली एक. फक्त त्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत."