दुसरी सीडी

लहानपणी हर्षदीपला वेड लावणारा तो नाचगाण्याचा इंग्रजी पिक्चर शेवटी सापडला! नाव माहीत नव्हतं, तर पठ्ठ्यानं मोबाइललाच चाल गुणगुणून दाखवली. लगेच आईबाबांना टीव्हीसमोर आणून बसवलं.

"आज पुरा पाहू! आपल्याजवळ पयलीच सीडी होती. दुसरी तं आईनं वांग्याच्या वाफ्यात टांगली, पाखरं हाकलाले!"

गाण्यांवर तिघंही डोलले. मग पिक्चरमधला बाप पोरांचे मुके घेऊन जहाजात चढला. त्यांच्या घरी पिक्चर दर वेळी इथंच संपायचा. हर्षदीप खुर्चीच्या टोकावर सरकला.

आई उठली. "झाला पिक्चर. चाला जेवाले."

"काऊन वं आई? खरी मजा तं आता हाय!"

"मी पाह्यली होती ते दुसरी सीडी. तू झोपल्यावर." आई दारातच थांबली. "तवा तुह्या बाबाले ऑपरेशनसाठी आदिलाबादहून हैदराबादले नेलं होतं. अन् ह्या पिक्चरमधला बाप वापस नाही येत रे."

हर्षदीपनं रिमोट दाबून पिक्चर थांबवला.

"लाव रे, लाव," तोंडातले मुरमुरे चघळत बाबा म्हणाले. "मी तं आलो ना!"