फायलींवरचं नाव

"परमिशन डिनाइड." सकाळपासून सर्व्हरचा हा एकच हेका. डिस्पॅचमधल्या कुणीही पावती काढायला कमांड दिली, की हेच उत्तर. बाहेर डेअरीच्या गाड्या दूध भरून उभ्या, आणि पावतीशिवाय एकही हलेना.

पण निमिषने तीच कमांड दिली, तर पावती सुरसुरत बाहेर!

दीप्तीच्या मनात पाल चुकचुकली. जुना युनिक्स सर्व्हर बंद पडला म्हणून वीकेंडला तिनेच बॅकअपवरून सगळं नव्या मशीनवर आणलं होतं. वर प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिनही करून दिलं होतं. मग ही काय भानगड? तिने पावत्यांच्या फायलींचा मालक कोण ते पाहिलं. सगळ्यांवर एकच नाव, निमिष. बाकी कुणाला हात लावायची सोय नाही.

अस्सं! म्हणून हा परवा तिला बघून घाईघाईने स्क्रीन बंद करत होता. स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरातल्या मराठी गणपतीत भेटला, गुणी मुलगा वाटला, आणि तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मॅनेजरला फोन लावला.

"ग्लेन, आतलाच माणूस आहे. नाव मिळालंय."

"नो वरीज. सिक्युरिटीला घेऊनच येतो."

निमिषचा व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर होता. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. दीप्तीला ते पक्कं ठाऊक होतं. भोग म्हणावं आता.

तेवढ्यात तोच कॉफीचा कप घेऊन आला. "ताई, काही सापडलं?"

"तूच सांग. या फायली तुझ्या नावावर कशा?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आईशप्पथ, मी हात नाही लावला! माझी पीआर, इथे कायमचं राहायची परवानगी, तोंडावर आलीय, ताई. परवा तिचाच फॉर्म भरत होतो, म्हणून स्क्रीन लपवली."

त्याने वाकून एक कमांड दिली. नावं गेली, त्या जागी नंबर आले. "बॅकअपमधून मालकाचा नंबर येतो. त्यापुढे नाव लागतं ते नव्या मशीनवर तो नंबर ज्याचा असेल त्याचं. जुन्या मशीनवर हा कुणाचा होता?"

दीप्तीने जुनी यादी काढली. नंबर डिस्पॅचच्या विलासकाकांचा होता. ते कधीचेच रिटायर झाले, पण अख्खं डिस्पॅच काल-परवापर्यंत त्यांच्याच लॉगिनने काम करायचं. वीकेंडला साफसफाई करताना तिने काकांचं नाव काढलं, आणि रिकामा नंबर उगाच का सोडा, म्हणून निमिषला देऊन टाकला.

दार उघडलं. ग्लेनच्या मागे गार्ड होता.

"बोल, दीप्ती. कुणाचं नाव?"

निमिषने कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

"नाव याचं आहे," दीप्ती उठून दोघांच्या मधे उभी राहिली. "उद्योग माझा."