बाणाचा टेकू

आर्वो दुकानात शिरला तो जावयाच्या खांद्यावर हात ठेवूनच.

"मार्लिस," काउंटरपलीकडच्या लेकीला तो म्हणाला, "ब्रेंटचं धनुष्य शिकारीला तयार करून दे. यंदापासून माझं मचाण त्याचं. माझ्या गुडघ्यांना ती शिडी आता झेपत नाही."

मार्लिस एका बाणाला पिसं चिकटवत होती. बाण तिने खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. ब्रेंट भिंतीवरची शिंगं न्याहाळत होता, जशी काही ती आजच तिथे टांगली होती.

दलदलीच्या काठच्या देवदारावरचं ते मचाण आर्वोच्या बापाने बांधलं होतं. पानगळ सुरू झाली की मार्लिस ते मागायची. "बघू पुढच्या साली," आर्वो म्हणायचा. ब्रेंट शहरातला; त्याने धनुष्य हातात धरलं ते गेल्या उन्हाळ्यात, तेही मार्लिसने धरायला लावलं म्हणून.

"बाण ठेवायला टेकू कुठला लावायचा?" तिने विचारलं.

"माझ्यासारखाच. बाण सुटला की खाली पडणारा. पिसांना कशाचा स्पर्श होता कामा नये. आणि पिसं खरी लाव. टर्कीची, लांब."

"बाबा, तुमचा हात दगडासारखा. ह्याचं धनुष्य जरा कललं तर बाण त्या टेकूवरून घसरेल. ह्याला ब्रशच्या कड्याचा टेकू बरा. कड्यातले केस बाणाला चहूबाजूंनी धरून ठेवतात."

"ते पोराटोरांचं."

"आणि त्या केसांतून खरी पिसं गेली तर विस्कटून जातील. म्हणून प्लॅस्टिकची लावायची. आखूड आणि ताठ."

"प्लॅस्टिक!" आर्वो ब्रेंटकडे बघून हसला. "उद्या ही तुझ्या बाणाला रिबिनी बांधेल बघ."

ब्रेंटही हसला. मार्लिसची नजर पडली तसं त्याने हसू गिळलं.

तिने वाद घातला नाही. आर्वो म्हणत होता तसल्या टेकूचं एक धनुष्य खुंटीवर होतं, ते काढून ब्रेंटच्या हातात दिलं. "मचाणावर बसलायस असं समज. हरीण डाव्या अंगाला आलंय. वळ."

ब्रेंट वळला. बाण टेकूवरून घसरला आणि फरशीवर खणखणत गेला.

"एवढ्या आवाजाने हरीण पार तळ्यापलीकडे जाईल," मार्लिस म्हणाली.

"सवयीने जमेल," आर्वो म्हणाला.

क्षणभर तिच्या मनात आलं, बाबा म्हणतात तेच करून द्यावं. कळू दे त्यांना. पण बाण नुसता चुकला तर ठीक. पोटात लागला तर तो घेऊन हरीण दलदलीत शिरेल आणि दिवसभर तडफडत राहील. तिने ब्रेंटच्या धनुष्याला कड्याचा टेकू बसवला, स्क्रू आवळले, आखूड पिसांचे बाण काढले. आर्वो शेजारी उभा राहून बघत होता.

मागच्या खोलीत, बाण सरळ सुटतो का ते पाहायला, चौकटीवर कागद ताणलेला होता. ब्रेंटने त्यातून बाण मारला. कागद आडवा फाटला. बाण शेपूट हलवत गेला होता.

"बघ, तुझी प्लॅस्टिकची पिसं अडकली त्या केसांत," आर्वो म्हणाला.

ब्रेंटने पुन्हा मारला. पुन्हा तसाच.

"इकडे दे," मार्लिस म्हणाली.

ती आणि ब्रेंट एकाच उंचीचे, धनुष्य तिच्याही हाताला बसायचं. तिने दोरी गालापर्यंत ओढली, श्वास सोडला आणि बोट हलल्याचं कोणाला दिसायच्या आत बाण गेला. कागदावर एक गोल भोक आणि त्याभोवती तीन पिसांच्या तीन बारीक चिरा. एवढंच.

आर्वो चष्मा लावून कागदाजवळ गेला. बराच वेळ वाकून बघत राहिला. मार्लिसने धनुष्य खाली केलं. बाबा काय म्हणतात याची ती वाट बघत होती आणि त्याचाच तिला राग येत होता.

"छान," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे धनुष्यात खोट नाही. ब्रेंट, तू मूठ फार घट्ट धरतोस. ती सैल कर, झालं."

मार्लिसने धनुष्य नवऱ्याच्या हाती दिलं. ब्रेंटने ते घेतलं, पण तिच्याकडे बघेना. मग घसा खाकरून म्हणाला, "आर्वो, मी काय म्हणतो, यंदा हिलाच बसवू या का मचाणावर? मी तुमच्याबरोबर खाली गाडीत थांबेन."

"कोण, मार्लिस?" आर्वोला खरंच हसू आलं. "अरे, अंधार असल्यापासून बसायचं असतं तिथे. हूं की चूं करायचं नाही. बाईमाणसाला इतका वेळ तोंड मिटून बसवत नाही."

"मला बसवतं, बाबा," मार्लिस म्हणाली. "तुमच्यासमोर जन्मभर तशीच बसलेय."

ब्रेंटची मान खाली गेली. आर्वोने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि खिशात ठेवला.

"थंडी फार असते वरती," तो ब्रेंटला म्हणाला. "मोजे दोन-दोन चढव."