फीडरचं झाकण

"चूक माझीच होती," नागसेन माईकमध्ये म्हणाला आणि त्यानं उजवा हात वर केला. आधी हात दाखव, मग बोल, असं साहेबांनी बजावलं होतं. हाताला अंगठ्याजवळचं बोट नव्हतं. पुढच्या रांगेत कुणीतरी 'च्च' केलं.

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये सुरक्षा सप्ताह चालला होता. म्हणजे वर्षभर जे करायचं नाही ते आठवडाभर करायचं आणि फोटो काढून ठेवायचे. टेबलावर मिग वेल्डिंगचा फीडर मांडला होता. रिळावरची तार दोन रोलरांमधून खेचून वेल्डिंगच्या गनपर्यंत ढकलते ती पेटी. तिच्या रोलरांवरचं झाकण कालच कुठूनतरी भंगारातून शोधून आणलं होतं. त्याला पिवळा रंग मारला होता, तो अजून हाताला लागत होता.

"झाकण लावलेलं होतं. तार अटकली म्हणून मी ते उघडलं," नागसेन सांगत होता. "मशीन बंद केली नाई. एका हाताच्या बोटानं तार ढकलली अन् दुसऱ्या हातानं ट्रिगर दाबला. हातमोजा रोलरात गेला. मशीन चांगली होती. मी बेसावध होतो. तुम्ही असं करू नका जी."

पाठ केल्यासारखं बोलला. पाठच केलं होतं.

झाकण म्हणे! त्या फीडरवर झाकण कसलं असतं ते त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. रोलर झिजलेला, तार घसरायची, नवा रोलर मागून मागून तोंड दुखलं. सुपरवायझर श्रीधर म्हणायचा, "थोडा हात लाव ना गा, चालते." सगळेच हात लावायचे. बोट नागसेनचं गेलं.

दवाखान्यात साहेब स्वतः आले होते, सफरचंदं घेऊन. तक्रारीच्या भानगडीत पडू नको म्हणाले. तुला स्टोअरमध्ये बसवतो, तुझी मुलगी वेल्डिंगचं आयटीआय झाली आहे ना, तिलाही घेऊ. तेव्हापासून नागसेन घरीदारी एकच सांगत आला, चूक माझीच. बायकोलाही तेच, पोरीलाही तेच.

ती पोरगी, मेघा, तिसऱ्या रांगेत उभी होती. नवा निळा युनिफॉर्म, काखेत हेल्मेट. बापाचा हात वर गेला तेव्हा तिनं मान खाली घातली. लाज वाटली तिला. नागसेनला ते वरून स्पष्ट दिसलं आणि फार लागलं. पोरीची नोकरी लागली, आणखी काय पाहिजे तुले, असं त्यानं मनातल्या मनात स्वतःलाच दटावलं.

टाळ्या झाल्या. साहेबांनी त्याला स्टीलची पाण्याची बाटली बक्षीस दिली. "याला म्हणतात हिंमत," म्हणाले. मग सगळ्यांना तर्री-पोहे मिळाले.

साहेबांची गाडी गेटबाहेर पडली तसा श्रीधरनं फीडर उचलून मेघाच्या बेंचवर ठेवला. तार लावली, ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि झाकण खोलायला लागला.

"सर, झाकण राहू द्या ना," मेघा म्हणाली. "आयटीआयमध्ये तर आम्ही..."

"आयटीआयमधले रोलर नवे असते वं. हा असाच चालते. तार घसरली का थोडा हात लावायचा." पिवळं झाकण त्यानं बेंचखाली सरकवलं. बोटांचा रंग पँटला पुसला. "अन् झाकणानं काय होते? तुझ्या बाबानं काय सांगतलं आत्ता? झाकण लावलेलं होतं, तरी बोट गेलंच ना? ध्यान पाहिजे, ध्यान."

मेघाला ते पटलं. तिनं हातमोजा चढवला आणि हात रोलरांकडे नेला.

स्टोअरच्या खिडकीतून नागसेनला सगळं ऐकू आलं. तो धावतच आला. बाटली हातातच होती.

"ए मेघा! हात काढ तिथून! मशीन बंद कर आधी!"

शेजारच्या बेंचवरचे दोघंतिघं थांबले. श्रीधर शांतपणे वळला.

"काहून गा? काय झालं?"

नागसेननं तोंड उघडलं. झाकण नव्हतं, एवढंच तर म्हणायचं होतं. दोन शब्द. जिभेवर आलेच होते.

"बोल ना," श्रीधर म्हणाला. आवाज अगदी गोड. "काही सांगायचं राहिलं का? साहेबाले फोन लावतो. पोरीले उद्यापासून ठेवायचं का नाई, तेही एकाच दमात विचारून घेतो."

नागसेननं पोरीच्या युनिफॉर्मकडे पाहिलं. काल रात्री तिनं स्वतः इस्त्री केली होती, घडी मोडू नये म्हणून जेवायला बसतानाही खुर्चीवर टांगून ठेवला होता.

"काही नाई," तो म्हणाला. "जपून कर म्हटलं."

मेघानं वळून पाहिलं. ती चिडलेली असती तर बरं झालं असतं. तिला बापाची कीव येत होती.

"तुम्ही चिंता नका करू बाबा," ती म्हणाली. "मी तुमच्यासारखी बेसावध नाही."

तार पुन्हा घसरली. तिनं उजव्या हाताचं बोट रोलरापाशी नेलं आणि डाव्या हातानं ट्रिगर दाबला.