बोंबलांची राखण

समुद्र घरांत शिरू लागल्यामुळे सगळा कोळीवाडा उद्या तरंगत्या वसाहतीत राहायला जाणार होता. तिथे कुणाचा शेजारी कोण, हे यंत्राने ठरवलं होतं. त्यासाठी प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीने वर्षभर कोण कुणाशी किती बोलतं ते टिपलं होतं.

समाजशास्त्राच्या अभ्यासाला आलेली शलाका नकाशा दाखवायला लागली, तशी चांगुणा भडकली. "बायजाला पार त्या टोकाला टाकलीस?"

"आत्या, तुम्ही दोघी अकरा वर्षं बोलत नाही. पट्टीवर शून्य आहे."

"बोलायचं कशाला तिच्याशी? पण मी बाजाराला गेले की माझ्या वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे तीच हाकलते. तिची मासळी मी राखते. हे नाही टिपलं तुझ्या पट्टीने?"

शलाका वरमली. शेजारच्या ओट्यावर जाऊन तिने बायजाला विचारलं, "तुमचं घर चांगुणाआत्यांना लागून देऊ का?"

"त्या भांडकुदळ बाईला लागून? मुळीच नको!" चांगुणाच्या बोंबलांवर उतरणाऱ्या कावळ्यावर काठी उगारत बायजा म्हणाली. "समोर दे. तिचे बोंबील मला दिसले पाहिजेत."