गाडीखालची वाळू

जुन्या गाड्यांच्या एजंटाने नवऱ्याला इंजिन दाखवलं आणि मला सीटकव्हरचा रंग. "एका डॉक्टरांनी वापरलेली फोर बाय फोर आहे साहेब, शहराबाहेर कधी गेलीच नाही."

गाडी मला हवी होती, नवी परवडत नव्हती. मी गुरांची डॉक्टर, रोज डोंगरातल्या वाड्यांवर जाते. गेल्या आठवड्यात ओढ्यात स्कूटर बंद पडली आणि मी पोचेपर्यंत एक अडलेली गाय पोटातल्या वासरासकट दगावली.

ओढणी कमरेला बांधून मी गाडीखाली शिरले. चेसिसवर ताजा काळा रंग होता. घराच्या किल्लीने खरवडला, तर गंजाचे पापुद्रे आणि समुद्राची वाळू तोंडावर पडली.

"कुठल्या शहरात एवढी वाळू असते हो?" मी बाहेर येऊन ओरडले. "किनाऱ्यावर पळवून सडवलेली गाडी माझ्या गळ्यात मारताय?"

"साहेब, समजवा ना यांना."

"मला गाडी चालवताच येत नाही," नवरा म्हणाला.

कोपऱ्यात पोचे पडलेली एक जीप उभी होती. मी तिच्याखालीही शिरले. चिखलाने माखली होती, पण लोखंड शाबूत होतं.

"हिची किल्ली आणा."

त्याने किल्ली आणली आणि माझ्या नवऱ्यापुढे धरली.